सा. न. वि. वि. आणि एफ३चे बटण

जुन्या घरगुती पत्रात मजकुराच्या आधी ठिपक्यांची एक रांग दिसते. वडिलांना लिहायचे तर ती. आणि सा. न. वि. वि., मित्राला स. न. वि. वि., धाकट्याला चि. आणि अ. उ. आ. पत्र संपताना क. लो. अ. आणि काही सांगायचे राहिलेच तर खाली ता. क. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे चार शब्द दरवेळी पूर्ण लिहिण्याचे कष्ट कोणी घेत नसे, आणि ते लिहिले नाहीत म्हणून कोणी रागावतही नसे. लिहिणारा चार अक्षरे लिही; बाकीचे वाचणारा मनातल्या मनात भरून घेई.

ही सोय चाले, कारण दोन्ही टोकांना एकच यादी पाठ होती. ज्याला ती पाठ नाही, त्याच्यासाठी अ. उ. आ. म्हणजे नुसती तीन अक्षरे. आता समजा, लिहिणाऱ्याला चार अक्षरांतच सुटका हवी आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती मात्र अख्खे वाक्य पडले पाहिजे. मग मध्ये कोणीतरी उलगडणारा लागतो. या प्रकरणाचा विषय तो मधला माणूस आहे. आज त्याची जागा संगणकातल्या एका छोट्या प्रोग्रामने घेतली आहे, पण पूर्वी तो खरोखरच माणूस होता आणि तारघरात बसत असे.

अमेरिकेत वॉल्टर फिलिप्स नावाचा तारायंत्र चालवणारा पुढे वृत्तसंस्थेत काम करू लागला. बातम्यांच्या तारा लांबलचक असत आणि त्यांत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत. त्याने १८७९ साली अशा शब्दांच्या लघुरूपांची यादी छापली. पाठवणारा लघुरूपे वाजवी आणि पलीकडचा माणूस कानाने ती ऐकत कागदावर पूर्ण इंग्रजी वाक्य उतरवी. संपादकाच्या टेबलावर येणाऱ्या बातमीत लघुरूपाचा मागमूस नसे. त्या यादीतले एक लघुरूप मात्र तारघरातून निसटले आणि अजून वर्तमानपत्रांत वावरते आहे: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठीचे ‘स्कोटस’. राष्ट्राध्यक्षांसाठीचे ‘पोटस’ त्याच कुळातले.

आपल्याकडच्या तार खात्यातही असा प्रकार होता, आणि तो पुष्कळांच्या वापरातला होता. लग्न, दिवाळी, परीक्षेतले यश अशा प्रसंगांच्या शुभेच्छांची तयार वाक्ये क्रमांक घालून छापलेली असत. फॉर्मवर वाक्याऐवजी त्याचा क्रमांक लिहायचा. पलीकडच्या कार्यालयात त्या आकड्याचे पुन्हा वाक्य होई आणि मांडवात पोहोचणाऱ्या तारेत नवदांपत्याला रीतसर पूर्ण शुभेच्छा मिळत. जुलै २०१३मध्ये तार सेवा बंद झाली तेव्हा त्या आकड्यांचेही काम संपले.

संगणकावर ही कल्पना प्रोग्रामरांनी लवकर उचलली. बिल जॉयने बर्कलीत लिहिलेल्या व्हीआय या संपादकात लघुरूप ठरवून ठेवण्याची सोय आहे, ईमॅक्समध्येही आहे. सामान्य वापरणाऱ्यापर्यंत ती मायक्रोसॉफ्ट वर्डमधून पोहोचली. वर्डच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ‘ग्लॉसरी’ होती: लांब मजकुराला छोटे नाव द्यायचे, ते नाव टाइप करून एफ३चे बटण दाबायचे, की मजकूर उमटे. डीन हचामोविच हा वर्डच्या चमूतला तरुण या सोयीशी खेळत होता. इंग्रजीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा ‘द’ हा शब्द लोक घाईत ‘टी-ई-एच’ असा उलटसुलट टाइप करतात. ग्लॉसरीत ही चूक ‘छोटे नाव’ म्हणून घातली आणि बरोबर शब्द ‘मजकूर’ म्हणून, तर चूक आपसूक सुधारेल, हे त्याच्या लक्षात आले. पण त्यासाठी दरवेळी एफ३ दाबायला कोण थांबणार? टाइप करणारा माणूस प्रत्येक शब्दानंतर एक बटण तसेही दाबतोच, ते म्हणजे स्पेस बार. मग बदल घडवण्याचे काम त्यालाच दिले. १९९३च्या वर्ड ६मध्ये ही गोष्ट ‘ऑटोकरेक्ट’ या नावाने आली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट ती स्पेस बारचीच. फिलिप्सची यादी पाठ करावी लागे, एफ३ आठवावे लागे. स्पेससाठी काहीच आठवावे लागत नाही. सोय आणि धोका, दोन्हीचा उगम तिथेच आहे. धोक्याकडे पुढे येऊ.

आज लघुरूप उलगडणारे स्वतंत्र प्रोग्राम मिळतात. विंडोजवर ऑटोहॉटकी, मॅकवर टेक्स्टएक्स्पांडर, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारा, फुकट आणि खुला असा एस्पान्सो ही त्यांतली माहितीतली नावे. वर्डमधली सोय ऑफिसच्या प्रोग्रामांपुरती. हे प्रोग्राम मात्र ईमेल, ब्राउझर, कुठेही चालतात. त्यांच्या आत काय चालते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ते आश्चर्य वाटावे इतके साधे आहे.

असा प्रोग्राम पडद्यामागे बसून तुमचे प्रत्येक बटण पाहत असतो. तुम्ही काय लिहिताय याच्याशी त्याला देणेघेणे नसते. शेवटची काही अक्षरे तेवढी तो लक्षात ठेवतो आणि दर अक्षराला आपल्या यादीशी ताडून पाहतो. समजा यादीत ‘;पत’ या लघुरूपापुढे तुमच्या दुकानाचा पूर्ण पत्ता आहे. तुम्ही अर्धविराम, प, त असे टाइप केले की जुळणी होते. मग प्रोग्राम स्वतः तीन वेळा बॅकस्पेस दाबल्यासारखे करतो, ती तीन चिन्हे पुसतो आणि त्या जागी पत्ता ओततो. ओतण्याच्या दोन रीती आहेत: एकेक अक्षर टाइप केल्यासारखे पाठवायचे, किंवा मजकूर क्लिपबोर्डवर घेऊन एकदम पेस्ट करायचा. छोट्या मजकुराला पहिली चालते, लांबलचक उताऱ्याला दुसरी बरी. हे सगळे पापणी लवते न लवते तोच उरकते.

मराठीत टाइप करणाऱ्यांना या बॅकस्पेसची थोडी काळजी घ्यावी लागते. देवनागरीत डोळ्यांना दिसणारे एक अक्षर संगणकाच्या हिशेबी अनेक चिन्हांचे असते. ‘ष्ट्र’ हे आपल्याला एक जोडाक्षर. युनिकोडात ती पाच चिन्हे: ष, हलन्त, ट, हलन्त, र. बॅकस्पेस दाबल्यावर काही प्रोग्राम शेवटचे एक चिन्ह पुसतात, काही अख्खे जोडाक्षर उडवतात. लघुरूपातच जोडाक्षर असेल तर पुसण्याचा हिशेब चुकून मागचे एखादे अक्षर जाते किंवा पुढचे शिल्लक राहते. म्हणून लघुरूप सुट्या, बिनकान्याच्या व्यंजनांचे ठेवावे, नाहीतर सरळ रोमन अक्षरांचे किंवा आकड्यांचे. त्यातून उमटणारा मजकूर मराठी असायला काहीच आडकाठी नाही. रोमन लिपीत टाइप करून मराठी उमटवणारी जी साधने आहेत, ती अक्षरे पक्की होण्याआधी एका तात्पुरत्या चौकटीत धरून ठेवतात. तिथे उलगडणारा प्रोग्राम गोंधळतो. इन्स्क्रिप्टवर टाइप करणाऱ्यांना हा त्रास कमी.

आणखी एक गोष्ट ऑटोकरेक्टची. वर्डमध्ये ही यादी भाषेनुसार वेगवेगळी असते. इंग्रजी भाषा निवडलेली असताना भरलेले लघुरूप मराठी मजकुरात चालले नाही, म्हणजे वर्ड बिघडले असे होत नाही; यादी दुसऱ्या भाषेच्या कप्प्यात आहे, इतकेच. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये साठवलेली जुनी वाक्ये नव्या यादीत जशीच्या तशी आणू नयेत. फॉन्ट बदलला की त्यांचा अगम्य चिन्हांचा ढीग होतो. ती पुन्हा टाइपच करावी लागतात किंवा कन्व्हर्टरमधून काढून नीट तपासावी लागतात.

आता वेळेचा हिशेब. इंग्रजी टायपिंगच्या गणितात पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात. मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग असलेला माणूस मिनिटात दोनशे ठोके मारतो. सहाशे ठोक्यांचा परिच्छेद म्हणजे तीन मिनिटे. तो दिवसात दहादा लिहावा लागत असेल तर अर्धा तास गेला. लघुरूपाने तेच काम काही सेकंदांचे. मराठीत हा फायदा आणखी जाणवतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरे चार, पण एकेक चिन्ह सुटे टाइपले तर ठोके दहा. शासन निर्णयाच्या शेवटी ठरलेले ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ हे वाक्य घ्या. सहा शब्द, पण जागा धरून साधारण पन्नास ठोके, आणि शिफ्ट दाबण्याचे श्रम वेगळे. त्याच्याच वर बहुधा संकेतस्थळावर निर्णय उपलब्ध केल्याचे आणि डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे वाक्य असते. तेही ठरलेले.

वेगाच्या टोकाला न्यायालयातले स्टेनोटाइप आहे. अमेरिकेतले कोर्ट रिपोर्टर एका वेळी अनेक बटणे दाबून अख्खा शब्द किंवा शब्दसमूह नोंदवतात आणि त्यांचा स्वतःचा शब्दकोश संगणकात बसून तो उलगडतो. तिथल्या व्यावसायिक परीक्षेत साक्षीचा मजकूर मिनिटाला २२५ शब्द या गतीने उतरवावा लागतो. आपल्या मराठी संगणक टंकलेखनाच्या परीक्षा तीस आणि चाळीस शब्दांच्या. पण स्टेनोटाइप शिकायला काही वर्षे घालवावी लागतात आणि लघुरूपांची यादी आज दुपारी सुरू करता येते. म्हणून ही तुलना तेवढ्यावरच सोडू.

खरे सांगायचे तर वेग हा या सोयीचा दुय्यम फायदा आहे. मुख्य फायदा दिसतो तो दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलावर. खरेदीखताचा बहुतेक मजकूर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. लिहून देणार, लिहून घेणार, मौजे अमुक येथील गट नंबर तमुक, चतुःसीमा, आणि मग तो प्रसिद्ध ओघ: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. इतका मजकूर कोणी नव्याने टाइप करत नाही. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायचे आणि नावे, गट नंबर, रक्कम बदलायची, ही सर्रास पद्धत. तिचा दोष असा की बदलायचे राहिलेले नाव बदललेल्या नावासारखेच दिसते. पहिल्या पानावर नवा खरेदीदार असतो आणि चौथ्या पानावर मागच्या महिन्यातला कोणीतरी शांतपणे बसलेला असतो. वाचणाऱ्याची नजरही तिथून घसरते, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि ओळखीचे असते.

लघुरूपाच्या साठ्यात ठेवलेला मजकूर कोणाच्याच नावाचा नसतो. त्यात नावाच्या जागी रिकामी जागा असते. एस्पान्सो आणि टेक्स्टएक्स्पांडरमध्ये लघुरूप टाइप करताच एक छोटा फॉर्म उघडतो, लिहून देणाराचे नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम विचारतो आणि मगच परिच्छेद उमटवतो. एकच नाव मजकुरात पाच ठिकाणी येत असेल तर एकदा भरले की पाचही ठिकाणी तेच. आजची तारीख तर विचारावीही लागत नाही. ज्यांना फक्त वर्ड वापरायचे आहे, त्यांनी रिकाम्या जागी ठळक खूण ठेवावी, उदाहरणार्थ तीन वेळा #, आणि छापण्याआधी त्या खुणेचा शोध घ्यावा. एकही सापडली नाही तरच प्रिंट. वर्डमध्ये असा परिच्छेद निवडून ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की तो नाव देऊन साठवता येतो. पुढे नाव टाइप करून एफ३ दाबले की हजर. म्हणजे ग्लॉसरीच्या काळातले ते बटण अजून त्याच कामावर आहे. लिब्रेऑफिसमध्येही ऑटोटेक्स्ट एफ३नेच उलगडतो. दस्तासारख्या मजकुराला मला हे एफ३च बरे वाटते. स्पेस बार नकळत दाबला जातो. एफ३ दाबणाऱ्याला आपण काय मागतो आहोत हे माहीत असते.

कोणता मजकूर साठवावा? सुरुवातीला लोक ‘आणि’, ‘परंतु’, ‘म्हणून’ यांची लघुरूपे करत बसतात. त्यात काही मिळत नाही. तीन ठोके वाचवायला लघुरूप आठवण्यात तितकाच वेळ जातो. आधी पाठवलेल्या ईमेलांचा कप्पा उघडून मागच्या महिन्यातली पत्रे ओळीने वाचावीत. आपण कुठली वाक्ये पुन्हा पुन्हा लिहितो ते लगेच कळते, आणि थोडे ओशाळायलाही होते. पत्ता, बँक खात्याचा तपशील, जीएसटी क्रमांक, कार्यालयात येण्याचा रस्ता, ‘कागदपत्रे मिळाली, दोन दिवसांत कळवतो’ हे उत्तर, अर्जासोबत काय काय जोडायचे त्याची यादी. अशा वाक्यांना एकदा बसून नीट लिहावे, कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि मग साठवावे. घाईत शंभरदा लिहिलेल्या उत्तरापेक्षा निवांत एकदा लिहिलेले उत्तर जवळजवळ नेहमीच चांगले असते.

लघुरूपाचा एकच नियम कडक पाळावा: ते दुसऱ्या कुठल्या शब्दात किंवा शब्दाच्या सुरुवातीला येता कामा नये. म्हणून पुढे अर्धविराम किंवा अपूर्णविराम लावायची पद्धत आहे; अर्धविरामानंतर जागा न सोडता अक्षर सहसा कोणी टाइप करत नाही. ऑटोहॉटकी आपण होऊन स्पेस किंवा विरामचिन्हाची वाट पाहतो आणि मगच उलगडतो. ती वाट पाहणे बंद करता येते, पण बंद करू नये.

हा नियम मोडला की काय होते, त्याचे नमुने ऑटोकरेक्टच्या भावंडांनी जगभर करून ठेवले आहेत. एका काळच्या स्पेलिंग तपासनिसाच्या कोशात ‘सहकार्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द फक्त मधल्या आडव्या रेघेसह होता. रेघ नसली की तो कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनो गावाचे नाव सुचवी आणि घाईतले टायपिस्ट ते स्वीकारत. युरोपीय संघाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत त्यामुळे देशादेशांमधले ‘कूपर्टिनो’ वाढल्याचे उल्लेख सापडतात. एक्सेलने तर जनुकांची नावे बदलायला लावली. ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशी दिसणारी जनुकांची लघुनावे एक्सेल आपसूक तारखा करून टाकी. एक्सेल ऐकत नाही म्हटल्यावर जनुकांना नावे देणाऱ्या समितीनेच ती बदलली आणि २०२०मध्ये तसे जाहीर केले.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत डॉक्टर टिंबापासून सुरू होणारी लघुरूपे वापरून तपासणीचा अहवाल भरतात. एका झटक्यात हृदय, फुप्फुसे, पोट सगळे ‘सामान्य’ म्हणून उमटते. अहवाल लांब होतात आणि त्यातले कुठले वाक्य खरोखर तपासून लिहिले, कुठले नुसते उमटले, हे वाचणाऱ्या पुढच्या डॉक्टरला कळत नाही. निरीक्षणाचे वाक्य साठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्नांची चौकट साठवावी. उत्तर हाताने टाइप करावे.

बटणांवर नजर ठेवणारा प्रोग्राम म्हटल्यावर सुरक्षेची शंका येणारच, आणि ती रास्त आहे. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही अगदी याच रीतीने चालतात. म्हणून असा प्रोग्राम बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा. मॅक त्यासाठी वेगळी परवानगी मागतो आणि पासवर्डच्या चौकटीत अशा प्रोग्रामांना बटणे दिसू देत नाही. यादी बऱ्याचदा साध्या मजकुराच्या फाइलीत असते, कोणीही उघडून वाचू शकेल अशी. त्यात पासवर्ड, आधार क्रमांक, कार्डाचा क्रमांक ठेवू नये.

मोबाइलवर वेगळे काही बसवायची गरज नाही. आयफोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ आहे, जीबोर्डमध्ये ‘पर्सनल डिक्शनरी’. घरगुती फराळाची ऑर्डर घेणाऱ्या बाईंना खरा उपयोग व्हॉट्सॲप बिझनेसचा. तिथे ‘क्विक रिप्लाय’ नावाने पन्नासपर्यंत उत्तरे साठवता येतात आणि तिरपी रेघ टाइप करून ती बोलावता येतात. ऑक्टोबरात दिवसभर ‘चकलीचा भाव काय’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याला याहून वेगळी शिफारस लागू नये.

यादी वाढत जाते, जुनी होत जाते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण ती उत्तम चालत असते. विलीन झालेल्या काही बँकांचे आयएफएससी कोड २०२१मध्ये बदलले. ज्यांच्या बिलाखालचा बँक तपशील लघुरूपातून उमटत होता, त्यांना एक ओळ बदलून भागले, पण ती बदलायची आठवण संगणकाने केली नाही. पत्त्यांचेही तसेच. २०२३मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. लघुरूप बदलले नसेल तर जुने नाव पूर्वीइतक्याच वेगाने आणि बिनचूक उमटत राहते. यादीत एकदा दुरुस्ती केली की पुढच्या प्रत्येक पत्रावर नवे नाव येते. आधी उलगडलेला मजकूर मात्र आता साधा मजकूर असतो, त्याचा यादीशी संबंध उरलेला नसतो. त्या फाइली शोधून, उघडून, एकेक दुरुस्त कराव्या लागतात.